गेमची बोली आणि ‘डबल’

प्रतिपक्षानें ‘चार इस्पिक’ अशी बोली केली आहे. आपल्या हातांत बदामाचे एक्का व राजा आहेत, किलवरचा एक्का आहे, आणि हुकुमाची राणी दोन लहान पानांसह आहे. मनांत झटकन् बेरीज होते : दोन हात बदामाचे, एक किलवरचा, चौथा राणीचा. ज्यानें तेरांपैकीं दहा हात करण्याचें पत्करलें आहे त्याला चार हात गमावून चालणार नाहीं. डाव बुडालाच ! मग राहवत नाहीं, आणि तोंडांतून शब्द जातो : ‘डबल’. हा शब्द उच्चारण्यापूर्वीं आणखी कोणता हिशेब व्हावयास पाहिजे होता, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पत्ते आम्हां कोंकणवासीयांना नवे नाहींत. सावंतवाडीचा गोल पानांचा गंजिफा सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या दशावतारी प्रकारांत १२० पानें असतात. रत्नागिरीकडे आषाढांतील झडीच्या दिवसांत ओटीवर मेंढीकोटाचा फड न जमणारें घर विरळाच. परंतु या खेळांत आपण किती हात करणार हें आगाऊ जाहीर करावें लागत नाहीं. ब्रिजमध्यें तें करावें लागतें. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनीं १९२५ सालीं ‘फिनलंड’ बोटीवरील प्रवासांत काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धति बसविली, तेव्हांपासून गेमचें बक्षीस फक्त बोललेल्या हातांनाच मिळूं लागलें. बोली हें एक वचन आहे, आणि ‘डबल’ म्हणजे तें वचन पुरें होणार नाहीं अशी प्रतिपक्षानें लावलेली पैज. पैजेंत पहिला प्रश्न असतो तो भावाचा.

स्पर्धेच्या गुणपद्धतीनें पाहूं. बोलणारी जोडी व्हल्नरेबल नसेल तर चार इस्पिक केल्याबद्दल तिला ४२० गुण मिळतात. डबल दिला असतां ५९०. म्हणजे आपला पोकळ डबल आपणांस १७० गुणांना पडला. डाव एका हातानें बुडाला तर आपणांस ५० ऐवजीं १०० मिळतात, कमाई ५०. असे चार डाव मांडले आणि त्यांपैकीं तीन बुडाले, तरी १५० मिळवून १७० गमावल्यामुळें आपण तोट्यांतच ! प्रतिपक्ष व्हल्नरेबल असतां एका हाताची कमाई १०० होते, म्हणून तिहींत दोनदां यश आलें तर थोडें कांहीं पदरांत पडतें. खरी कमाई दुसऱ्या हातापासून सुरू होते. दोन हात कमी पडले तर १०० चे ३०० आणि व्हल्नरेबल असल्यास २०० चे ५०० होतात. तेव्हां गेमच्या डावावर डबल द्यावयाचा तो दोन हातांनीं बुडण्याची बरी आशा असेल तरच.

हा झाला आंकड्यांचा हिशेब. याहून मोठा खर्च बातमीचा आहे, आणि तो पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

वरचाच डाव घ्या. खेळणारा आपल्या डाव्या हाताला बसला आहे. त्याच्याजवळ इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी व चौकी आहेत. डमींत नव्वी, सत्ती, पंजी व दुरी आहेत. हुकुमाचीं नऊ पानें जमलीं असतां एक्का व राजा एकामागून एक काढावेत आणि राणी पडते का पाहावें, हा रूढ रिवाज. जोडीदाराजवळ एकटी दश्शी असल्यामुळें आपली राणी दोन्ही फेऱ्यांतून सुटते आणि डाव एका हातानें बुडतो. पण आपण डबल दिला ! आतां खेळणारा विचार करतो कीं याच्याजवळ हुकुमांत कांहींतरी असलें पाहिजे. तो एक्का काढतो, डमींत जातो, तेथून लहान पान उतरून हातचा गुलाम लावतो, आणि पुढच्या फेरींत राजाखालीं आपली राणी निमूटपणें पडते. मिळावयाचे होते ५०, गेले ५९०. एका शब्दाची किंमत ६४० गुण. याच्या उलट, हातांत हुकुमाचे राणी, गुलाम, दश्शी व नव्वी असतील तर ही बातमी खुशाल जाहीर करावी. कोणीहि कसेंहि खेळो, त्यांतले दोन हात आपले आहेतच.

बदामाचे दोन हात आपण गृहीत धरले, तेंहि तपासून पाहावें. प्रतिपक्षानें ‘एक इस्पिक’ म्हणतांच त्याच्या जोडीदारानें एकदम ‘चार’ म्हटलें असेल, तर त्याच्याजवळ बहुधा हुकूम पुष्कळ आणि एखाद्या रंगाचें एकच पान आहे. तो रंग बदाम निघाला तर आपला एक्का चालेल आणि राजा हुकुमाखालीं मारला जाईल. अशा उड्या मारलेल्या बोलीवर एक्के-राजे मोजून डबल देणाऱ्यांची मला कींव येते. तेच लोक एक, दोन, तीन करीत, प्रत्येक पायरीवर दम खात चारांपर्यंत चढले असतील, तर त्यांची शक्ति जेमतेम आहे. आणि हुकूम आपल्या हातांत दडून बसले असतील, तर डबल देण्याची वेळ हीच. मात्र त्यांना पळून जाण्यास दुसरा रंग आहे का हेंहि पाहावें. चार इस्पिक बुडविण्याची हांव धरून त्यांना पांच चौकटच्या सुरक्षित घरांत पोंचवूं नये.

जोड्यांच्या स्पर्धेंत हें गणित पालटतें. तेथें किती गुणांनीं जिंकलों यापेक्षां किती जोड्यांवर मात केली हें मोजलें जातें, म्हणून ५० ऐवजीं १०० मिळविण्यासाठीं डबल देणें पुष्कळदां रास्त ठरतें. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनीं भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें तें अशाच जोडी-प्रकारांत. मोठ्या स्पर्धांत तोंडानें बोलावयाचें नसतें; डबलसाठीं लाल पान टेबलावर ठेवतात. घरगुती बैठकींत मात्र कोणी मेज आपटून ‘डबल’ म्हणतो, कोणी पडेल आवाजांत म्हणतो, आणि दोघांचेहि जोडीदार त्या आवाजावरून जें समजावयाचें तें समजतात. ही सरळ लबाडी आहे.

एक डबल मात्र निराळ्या जातीचा आहे. प्रतिपक्ष ‘तीन नो-ट्रंप’वर थांबला, आपल्या बाजूनें कोणीच कांहीं बोललेलें नाहीं, आणि उतारी जोडीदाराची आहे. अशा वेळीं आपण डबल दिला तर पुष्कळ जोड्यांच्या संकेताप्रमाणें त्याचा अर्थ असा कीं, डमीनें प्रथम जो रंग बोलला त्याचीच उतारी कर. जोडीदारानें त्या वेळीं आपल्या हातांतील लांब रंगाचा मोह सोडून, त्या रंगाचें एकच पान असलें तरी तेंच टाकावयाचें असतें. परंतु हा संकेत पानें वांटण्यापूर्वींच दोघांत ठरलेला असला पाहिजे, आणि विचारल्यास प्रतिपक्षालाहि तो सांगितला पाहिजे.