जोडीची रोहित्रे आणि पंपाचा वीजदाब

चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे कोयनेची वीज १९६२ पासून निर्माण होत आहे. परंतु लांब तारेच्या टोकाशी असलेल्या बागेत, ऐन कलमांना पाणी देण्याच्या दिवसांत, पंप कण्हू लागतो. ४१५ व्होल्टचा दाब एकदशांशाने घसरला, तर मोटरची ओढ सुमारे एकपंचमांशाने घटते; ती अधिक प्रवाह खेचते, तापते व अखेरीस जळते.

दाब सावरण्यासाठी रोहित्राच्या वेटोळ्यास फाटे काढलेले असतात. त्यांस टॅप म्हणतात. टॅप बदलला की वेढ्यांचे प्रमाण बदलते. उपकेंद्रातील मोठ्या रोहित्रांत हा बदल वीज चालू असतानाही होऊ शकतो, गावातील लहान रोहित्रांत मात्र वीज बंद करूनच.

दोन रोहित्रे समांतर जोडलेली असल्यास त्यांचे टॅप बरोबरीने हलावे लागतात. एक चढे व दुसरे उतरते राहिले, तर आपसांतच प्रवाह फिरत राहतो. जोखडातील एक बैल पुढे व दुसरा मागे ओढावा तसे. शेतास लाभ नाही, रोहित्रे मात्र तापतात. म्हणून एकास पुढारी ठरवून दुसऱ्याने त्याच्यामागे पायरी बदलावी, अशी योजना करतात.

टोकाच्या पंपासाठी टॅप फार चढवावा, तर रात्री भार उतरल्यावर रोहित्राजवळच्या घरांतील दिवे जातात. तेव्हा हा निर्णय वीज कर्मचाऱ्यांचाच. शेतकऱ्याने रोहित्रास हात लावू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंप चालू व बंद असतानाचा तिन्ही फेजचा दाब वेळेसह वहीत लिहवून घ्यावा व ती नोंद महावितरणच्या शाखा कार्यालयात द्यावी. तोवर स्टार्टरची कळ दोरीने बांधून मोटर चालवू नये.