कोळसा चंद्रपूरचा, कर दिल्लीचा आणि राख कोणाची?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, परमपूज्य बाबासाहेब चांद्याला आले आणि तेथील जनतेलाही त्यांनी दीक्षा दिली. ते चांदा म्हणजेच आजचे चंद्रपूर. दरवर्षी ऑक्टोबरात तेथील दीक्षाभूमीवर गावोगावचे बौद्ध बांधव-भगिनी मुलाबाळांसह येतात, वंदना करतात, पुस्तके विकत घेतात आणि परत जातात. जाताना शहराच्या कडेला वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. मुले विचारतात, हा धूर कसला? वडील सांगतात, लाईट तयार होते तिथे. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे सांगावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या घरांत आणि कारखान्यांत जाणाऱ्या विजेचा मोठा वाटा येथून निघतो. भोवती घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, बल्लारपूर असा कोळसा खाणींचा वेढा आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली ‘वेकोलि’, या खाणी चालवते. सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे. एवढे सगळे असूनही या जिल्ह्यातला तरुण कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतो. असे का व्हावे?

पैशाची वाट शोधली की उत्तर सापडू लागते. हिशेब सोपा जावा म्हणून समजा, खाणीवर एक टन कोळशाची किंमत १५०० रुपये आहे. त्यावर १४ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, बसते. हे झाले २१० रुपये. ते राज्य सरकारच्या तिजोरीत जातात. जुन्या खाणपट्ट्यांवर या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला वेगळी द्यावी लागते. २१० रुपयांवर ३० टक्के म्हणजे ६३ रुपये. ज्या जिल्ह्याची जमीन खोदली गेली, त्याच्या नावाने हक्काचे म्हणून एवढेच.

आता दुसरी बाजू पाहा. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला. २०१४ साली तो १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये झाला. नाव किती छान! कोळसा जाळणाऱ्याने प्रदूषणाची भरपाई द्यावी आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी राहावी, असा हेतू सांगितला होता. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यातले ३० हजार कोटीही पोचले नाहीत. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा हेच ४०० रुपये राज्यांना भरपाई देण्याच्या उपकरात मिसळून गेले. कोरोनाच्या काळात ती भरपाई भागवायला कर्ज काढले, मग ते कर्ज फेडायला हेच पैसे वापरले. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

म्हणजे वर्षानुवर्षे टनामागे ४०० रुपये दिल्लीला गेले आणि आमच्या उदाहरणातले ६३ रुपये जिल्ह्यात राहिले. धूर मात्र सगळा जिल्ह्यातच राहिला.

कोणी म्हणेल, कर तर कंपन्या भरतात, त्याच्याशी गरिबाचा काय संबंध? संबंध आहे. वीज अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे कोळशावर भरलेला कर वीज कंपनीला पुढे वजा करून घेता येत नाही. तो विजेच्या खर्चात मिसळतो आणि शेवटी आपल्या घरच्या लाईट बिलात येऊन बसतो. दोन खोल्यांच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे लावणारी आमची भगिनीही हा कर भरते. आपण कर भरत नाही, आपण फक्त सवलती घेतो, असे आपल्याविषयी बोलणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना हे जरूर ऐकवावे.

जीएसटीचा आणखी एक गुण आहे. माल जिथे वापरला जातो, त्या राज्याला करातला राज्याचा वाटा मिळतो. जिथे माल तयार होतो तिथे मिळत नाही. खाणीचा, सिमेंटचा प्रदेश यात मागे पडतो. म्हणूनच २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले की रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजांच्या हक्कावर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. राज्यांच्या हाती मोठे साधन आले. पण मुंबईत जमा होणारा पैसा घुग्घुसच्या वस्तीपर्यंत पोचेल, असे या निकालात कुठेही लिहिलेले नाही.

हा विषय बाबासाहेबांच्या आवडीचा होता. केंद्राने किती घ्यावे आणि प्रांतांना किती द्यावे, यावरच त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुढची आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, त्यांनी धनबादच्या कोळसा खाणी पाहिल्या. ते स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. त्यानंतर जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्यातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शाळा यांची सोय करायची, अशी ती योजना होती. पुढे १९४७ साली त्याचा कायदा झाला. १९८६ साली तो रद्द करण्यात आला. कोळशावर उपकर लावणे ही नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या काळातल्या उपकराला कोणासाठी खर्च व्हायचे ते ठाऊक होते.

आता पर्यावरणाकडे वळू. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. जास्त गुण म्हणजे जास्त घाण. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला! जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ क्षेत्रांत नव्या उद्योगांना पर्यावरण मंजुरी देणे थांबवण्यात आले. बंदी योग्य होती, असेच आम्ही म्हणू. पण तिचा भार कोणावर पडला? जुन्या चिमण्या तशाच चालू राहिल्या. ज्यांना नव्या कारखान्यात काम मिळाले असते, ते थांबले. जुन्याला हात न लावता नव्याला अडवायचे, हे अर्धवट धोरण झाले.

धुरातल्या गंधकाचीही हीच गत. वीज केंद्रांनी तो गाळणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्राजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार आहे. चंद्रपूर यातच मोडते. यंत्रणा महाग आहे, वीज महाग होईल, असे कारण सांगितले जाते. खरे आहे, महाग होईल. पण दम्याचे औषध आणि दवाखान्याच्या चकरा ज्या घरात चालू आहेत, तेथे ही वीज आजच महाग पडते. तो खर्च बिलावर छापलेला नसतो एवढेच.

राखेविषयी २०२१ चा नियम कडक आहे. न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई आकारता येते. आपल्याकडच्या कोळशात राख तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त निघते. तेव्हा ही रक्कम लहान नाही.

जमिनीचे दुखणे तर वेगळेच. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणानुसार दोन एकर जमीन गेली तर एक नोकरी, असे प्रमाण आहे. ज्यांच्याकडे दोन एकर होते त्यांना नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाले. पण आपल्या समाजाकडे जमीन होती कुठे? दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबाचे शेत गेले नाही, म्हणून कागदावर त्याचे नुकसान झाले नाही. रोजगार मात्र गेला. अशा घरांतली माणसे आज ठेकेदाराकडे कोळसा भरण्याचे, साफसफाईचे काम करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भुयारी खाण होती. शेजारच्या घरांना जागा सोडावी लागली.

म्हणून त्या ६३ रुपयांकडे आपले लक्ष हवे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून पूर्वी किमान ६० टक्के आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, महिला व बालकल्याण, वृद्ध व अपंग अशा कामांवर खर्च व्हायला हवी. खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग थेट बाधित धरला जातो. बाधित माणसांत शेतमालकासोबत, खाणीमुळे ज्याचे पोट मारले गेले तोही येतो. भूमिहीनाला आत येण्याची ही एक वाट आहे. रस्ते आणि इमारती दिसायला छान असतात, उद्घाटनाला बऱ्या पडतात आणि ठेकेदारालाही आवडतात. फुप्फुसांच्या तपासणीच्या शिबिराला फीत कापायला कोण येणार?

आमची सूचना एवढीच आहे. खाणीजवळच्या गावांतल्या बंधू-भगिनींनी येत्या ग्रामसभेला जावे. महिला मंडळांनी तर जावेच, कारण पाणी भरणे आणि आजारी माणसाची उस्तवार त्यांच्याच वाट्याला येते. बाधितांच्या यादीत आपल्या वस्तीचे नाव आहे का, हे विचारावे. नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावावर या निधीतून किती रुपये खर्च झाले, कोणत्या कामावर झाले, याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागता येते. साध्या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. विहारात रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने बसून असे पाच-सहा अर्ज लिहून दिले, तर एका सकाळचे काम आहे.