जुना फोटो स्कॅन करताना

जगातली पहिली डिजिटल प्रतिमा कॅमेऱ्याने नव्हे, स्कॅनरने टिपली. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला. तेव्हा रुंदी आणि उंची मिळाली प्रत्येकी १७६ पिक्सेल!

आज घरातला साधा स्कॅनरही त्याच्या फार पुढे आहे. निवडायचा असतो तो डीपीआयचा, म्हणजे दर इंचातल्या ठिपक्यांचा, योग्य आकडा. ४ बाय ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तर त्याच आकारात स्वच्छ छापता येतो. दुप्पट मोठा हवा असेल, तर ६०० डीपीआय. ३५ मिमीच्या निगेटिव्हचं गणित मात्र वेगळं. तिची चौकट दीड इंचाहूनही अरुंद, त्यामुळे ३०० डीपीआयवर रुंदीत जेमतेम सव्वाचारशे पिक्सेल येतात. तिथे २४०० डीपीआय तरी हवेत, शिवाय झाकणातून प्रकाश देणारा स्कॅनर.

काच आधी पुसावी.

अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कॅमेऱ्याने टिपावा. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा प्रकाश आणि कॅमेरा फोटोला अगदी समांतर.

मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये ठेवलेला उत्तम. जेपेग फाइल बदल करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो. आणि स्कॅन झाला म्हणून कागदावरचा फोटो टाकून देऊ नका.