धार लावणारी दोन क्रियापदे

इंग्रजीतील 'व्हेट' आणि 'होन' ही दोन क्रियापदे शब्दकोशात शोधली, तर दोहोंसमोर 'धार लावणे' हाच अर्थ आढळतो. आमचे विद्यार्थी तेवढाच पाठ करतात, आणि पुढे नोकरीच्या अर्जात एकाच्या जागी दुसरे येऊन बसते. अर्ज वाचणारा तेवढ्यावरून उमेदवाराविषयी मत बनवतो. म्हणून हा थोडा खुलासा.

वाच्यार्थ अवघड नाही. सुगीच्या तोंडावर दगडावर विळा पाजवताना ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना तो शिकवावा लागत नाही. 'होन' हा शब्द जुन्या इंग्रजीत दगडाचेच नाव होता. क्रियापद तो कित्येक शतकांनी झाला. 'व्हेट' मात्र मुळापासून क्रियापद, आणि धार लावण्याच्या दगडाला 'व्हेटस्टोन' हे नाव त्यावरून पडले.

खरा भेद लाक्षणिक अर्थात आहे. 'व्हेट' होते ती इच्छा : भूक, जिज्ञासा, उत्सुकता. भोजनगृहातून फोडणीचा वास आला की जे घडते, ते हे. मराठी येथे धारेची भाषा बोलतच नाही. आपली भूक चाळवते. 'होन' होते ते कौशल्य : वक्तृत्व, लेखन, खेळाडूचा नेम. ते एका वासाने होत नाही, त्याला वर्षे लागतात. आपण अक्षर घोटून घेतो, त्या घोटण्याच्या जवळचा हा शब्द आहे.

'व्हेट'मधील डब्ल्यूनंतरचा एच विसरू नये. तो गळला की 'ओले करणे' हा निराळाच शब्द होतो. बहुतेक इंग्रजी भाषक दोहोंचा उच्चार सारखाच करीत असल्याने तेही येथे चुकतात. भुकेने तोंडाला पाणी सुटतेच, तेव्हा ही चूक आम्हांस क्षम्य वाटते. परीक्षकांस वाटेलच असे नाही.

धार बुद्धीलाही लागते. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी 1557 साली बीजगणितावरील आपल्या ग्रंथाला 'द व्हेटस्टोन ऑफ विट', म्हणजे बुद्धीला धार लावणारा दगड, असे नाव दिले. त्यात एक कोटी आहे. त्या काळी बीजगणितातील अज्ञात राशीला 'कॉस' म्हणत, आणि लॅटिन भाषेत 'कॉस' म्हणजे धार लावण्याचा दगड! दोन समांतर रेघांचे बरोबरीचे चिन्ह प्रथम छापले गेले ते याच ग्रंथात. आमच्या वर्गांतील फळ्यांवर ते रोज उमटते.