गिरणीच्या आवारातील पेठ

'पेठ' म्हणजे बाजार, असा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. पुण्याच्या पेठा पाहिल्या असता तो अपुरा वाटतो. खाली दुकान, वर राहते घर, शेजारी देऊळ आणि कारागिराचे काम, हा सारा व्यवहार त्या एका शब्दात सामावतो. नगररचनाकार ज्यास 'संमिश्र वापर' म्हणतात, तो मराठीस अपरिचित नाही. मग मुंबईत लोअर परळ येथे फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या श्रीमंती बाजारास पेठ म्हणता येईल काय?

ही कापडगिरणी १९०५ सालची. परळ-लालबाग भागात गिरण्यांची दाटी झाली आणि 'गिरणगाव' हा शब्द रूढ झाला. महानगरातील वस्तीस 'गाव' म्हणण्यात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामकऱ्यांची दृष्टी उमटली आहे. गिरणी, चाळ, खानावळ, वाण्याचे दुकान ही सारी भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर असत. संमिश्र वापर तेथेही होताच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगावाची घडी मोडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागेस व घरांस देण्याच्या अटीवर नव्या बांधकामास वाट दिली. २००१ मध्ये तीत दुरुस्ती झाली. पुढील वाद मुख्यतः एका संज्ञेभोवती फिरला: इमारत पाडल्यावर मोकळी होणारी जमीन ही 'मोकळी जमीन' होय की नव्हे? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नव्हे' हा पक्ष मान्य केला आणि वाटणीस येणारी जागा फारच आक्रसली. अर्थविचाराच्या अभ्यासकाने हे प्रकरण अवश्य वाचावे. शब्दार्थावर इतकी जमीन क्वचितच अवलंबून असते.

फिनिक्सच्या आवारात दुकानांमागोमाग उपाहारगृहे, चित्रपटगृह, हॉटेल आली. तेथील आकर्षण केवळ मालाचे नव्हे. ज्या शहरात पदपथावर धड चालता येत नाही, तेथे वाहनांचा अडथळा न होता रेंगाळावयास मिळणे हेच मोठे सुख आहे. जपलेली जुनी चिमणी या सुखास इतिहासाची डूब देते.

नावे मात्र वेगळेच सांगतात. इंग्लंडात 'हाय स्ट्रीट' म्हणजे गावातील साधा मुख्य बाजाररस्ता; 'हाय स्ट्रीट फिनिक्स' या नावात तोच शब्द उंची राहणीचा वाचक झाला. पुढे आलेले 'पॅलेडियम' तर ग्रीक पुराणातील, ट्रॉय नगरीचे रक्षण करणाऱ्या मूर्तीचे नाव. घरांच्या जाहिरातींनी लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणून पाहिले. 'लोअर' या निव्वळ दिशादर्शक पदात त्यांना कमीपणा दिसला असावा.

पेठेत काही विकत न घेणाऱ्यासही स्थान असते, कारण तो तेथे राहतो. प्रस्तुत आवारात मनुष्य प्रथमतः ग्राहक असतो. म्हणून 'पेठ' हा शब्द येथे चपखल बसत नाही, असे माझे मत आहे. बोलीने आपला निर्णय निराळ्याच रीतीने दिला आहे: समोरच्या सेनापती बापट मार्गास पुष्कळ लोक अद्याप 'तुळशी पाइप रोड' म्हणतात, आणि सूत निघेनासे होऊन इतकी वर्षे लोटली तरी या बाजारास 'फिनिक्स मिल'.