शिक्रा, ससाणा आणि भोवत्या

चोच बाकदार दिसली की आपण सरसकट 'ससाणा' म्हणून मोकळे होतो. पण आपल्या बागांत, गावकुसाच्या झाडांवर बहुतेकदा दिसतो तो शिक्रा. कबुतराएवढा, आखूड गोलसर पंखांचा, लांब शेपटीचा. झाडीतून वळणे घेत तो सरडा, उंदीर, चिमणी अचानक गाठतो आणि नखांच्या पकडीतच मारतो. मादी नराहून मोठी असते.

ससाण्याची घडण वेगळी. त्याचे पंख लांब, टोकदार. तो भक्ष्य चोचीने मानेवर चावून मारतो, त्यासाठी वरच्या चोचीला दातासारखा खाचदार उंचवटा असतो. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारा शाहीन ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरचा वेग ओलांडू शकतो. जनुकीय अभ्यासानुसार ससाणे शिक्रा-गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत!

शिक्र्याच्या दहशतीचा लाभ पावशा पक्षीही घेतो. रंग आणि उडण्याची ढब हुबेहूब शिक्र्याची. तो दिसताच लहान पक्षी घाबरून पांगतात. पावशाची मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात.

इतर शिकारी पक्ष्यांत कापशी घार हवेत एका जागी फडफडत उंदीर हेरते, तर मोरघार ताठ तुऱ्याने ओळखू येते. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये मात्र मुख्यतः माळरानावर जगतात. जमिनीलगत तरंगत टोळ, उंदीर टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरतात. म्हणून माळाला 'पडीक' ठरवून नांगरणे किंवा तिथे सरसकट झाडे लावणे, हा त्यांचा निवाराच काढून घेणे आहे.