मागच्या चाकांचा पासंग

धान्याच्या पेढीवर ज्याचे आयुष्य गेले, त्यास पासंग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रिकाम्या तराजूची पारडी समपातळीत यावीत म्हणून हलक्या बाजूस बांधलेला तो लहानसा तुकडा. परंतु तो चुकला तर दिवसभराचे सारे माप खोटे ठरते. मोटारीच्या मागील चाकांसही असाच एक पासंग असतो. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे जॅग्वार ई-टाइप ही विख्यात इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटार होय.

१९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही मोटार जगापुढे आली आणि इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९७४ पर्यंत तयार होत राहिली. त्या काळी बहुतेक मोटारींची मागील चाके एकाच ताठ आसावर असत. एकास धक्का बसला की दुसरेही डळमळे. ई-टाइपचे प्रत्येक मागील चाक मात्र स्वतंत्रपणे वरखाली होते. चाक फिरविणारा दांडा हाच त्याचा वरचा आधार असून त्याखालील आडवा दांडा हा दुसरा आधार होय.

हे चाक अगदी उभे ठेवावयाचे नसते. त्याचा माथा किंचित आत झुकलेला असावा लागतो. या कलास कॅम्बर म्हणतात. कारखान्याने तो पाऊण अंश ठरविला असून पाव अंशाचा फरक चालतो. पंधरा इंची चाकावर पाऊण अंश म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर! परंतु कल फार वाढला तर टायर आतल्या कडेने झिजतो. आणि दोन्ही बाजूंस विषम झाला, तर वेगात गाडीचा तोल बिघडतो.

दुरुस्तीचे साधन अगदी साधे आहे. फिरत्या दांड्याचे आतले टोक ब्रेकच्या तबकडीस जेथे जोडलेले असते, तेथे शिम नावाच्या पातळ चकत्या बसवितात. ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची एक चकती कल पाव अंशाने बदलते. चकती घातली की चाकाचा माथा बाहेर सरतो, काढली की आत येतो.

मात्र मोजणी काटेकोर हवी. जमीन सपाट असावी व टायरांत योग्य हवा असावी. स्प्रिंग दबली की कलही बदलतो. म्हणून ठराविक लांबीच्या पट्ट्या अडकवून गाडी नेमक्या उंचीवर जखडतात व मगच कल मोजतात. चकत्या बदलल्यावर गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी आणि पुन्हा मोजावे. जॅकवरून नुकत्याच उतरलेल्या चाकाचे माप विश्वसनीय नसते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मागील चाके गाडीच्या लांबीस समांतर असावी लागतात. पण ती फिरवून सरळ करण्याची सोय या मोटारीत ठेवलेलीच नाही. ती तिरकी आढळली, तर खालच्या दांड्याची बेअरिंगे, रबरी बुश अथवा एखादा वाकलेला भाग तपासावा. झिजलेले बेअरिंग तसेच ठेवून चकत्यांनी कल जुळविला, तर कागदावर माप बरोबर दिसेल. परंतु जोराने ब्रेक दाबताच चाक आपली जागा सोडील, आणि बसणाराच्या जिवावर बेतेल.

पासंग हा खऱ्या तराजूचा सेवक आहे. मोडक्या दांडीचे पांघरूण नव्हे. आधी दांडी तपासावी, मग पासंग बांधावा. पेढीवरचा हा नियम कारखान्यातही तितकाच खरा आहे.